ड्रायव्हरने स्वतःच्याच टीमला कोर्टात खेचलं आणि 405 नोकऱ्या वाचल्या! फोर्स इंडियाचं मॅटर नेमकं काय होतं?

फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मोनॅकोत घर, मनगटावर भारीतलं घड्याळ आणि पोडियमवर उडणारी शॅम्पेन. अशा माणसाचा पगार थकलाय असं कुणी सांगितलं, तर आपण हसून पुढे स्क्रोल करू. पगार थकतो तो साखर कारखान्यातल्या कामगाराचा, नाहीतर बंद पडलेल्या एअरलाईनमधल्या लोकांचा, असं आपल्या डोक्यात फिट बसलंय.

पण जुलै 2018 मध्ये लंडनच्या हायकोर्टात एक केस उभी राहिली. अर्ज करणारा होता मेक्सिकोचा ड्रायव्हर सर्जिओ पेरेझ. आणि त्याने कोर्टात कुणाला खेचलं होतं? तो स्वतः ज्या टीमची गाडी चालवत होता त्या टीमला, म्हणजे विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडियाला.

गंमत म्हणजे टीममधले लोक त्याच्यावर चिडले नाहीत. उलट त्यांच्यातल्याच काही जणांनी त्याला कोर्टात जायला सांगितलं होतं.

असं का? एफ वनमध्ये ड्रायव्हरचा पगार थकतो तरी कसा? आणि ज्या मालकाच्या एअरलाईनमधल्या लोकांना पगारासाठी रस्त्यावर उतरावं लागलं, त्याच मालकाच्या रेसिंग टीममधले लोक वाचले कसे? एकेक करून बघू.

आधी टीमची कुंडली

फोर्स इंडिया ही टीम मल्ल्यांनी शून्यातून उभी केलेली नव्हती. मूळ टीम होती एडी जॉर्डन यांची. 1991 मध्ये एफ वनमध्ये आलेल्या याच जॉर्डन टीमने मायकल शुमाकरला त्याची पहिली एफ वन रेस दिली होती. पुढे मालक बदलत गेले. 2006 मध्ये टीमचं नाव मिडलँड झालं, मग स्पायकर झालं. ऑक्टोबर 2007 मध्ये मल्ल्यांनी डच उद्योजक मिखिएल मोल यांच्यासोबत 8 कोटी 80 लाख युरोंना ती विकत घेतली आणि 2008 च्या सीझनपासून नाव पडलं फोर्स इंडिया.

नाव भारताचं, पण फॅक्टरी इंग्लंडमधल्या सिल्वरस्टोनला, रेसट्रॅकच्या अगदी समोर. इंजिनियर, मेकॅनिक बहुतेक तिकडचेच.

टीम लहान होती, पण होती कडक. 2009 च्या बेल्जियन ग्रां प्रीमध्ये जियानकार्लो फिसिकेलाने पोल पोझिशन घेतली आणि रेसमध्ये दुसरा नंबर काढला. 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षं फोर्स इंडिया टीमच्या चॅम्पियनशिपमध्ये चौथी आली. पुढे फक्त मर्सिडीज, फेरारी आणि रेड बुल. या तिघांच्या तुलनेत फोर्स इंडियाचं बजेट किरकोळ होतं. कमी पैशात सगळ्यात जास्त पॉइंट काढणारी टीम, अशीच तिची ओळख झाली होती.

2018 मध्येही तेच. त्या अख्ख्या सीझनमध्ये मर्सिडीज, फेरारी आणि रेड बुल सोडून फक्त एकच ड्रायव्हर पोडियमवर चढला, तो म्हणजे अझरबैजानच्या बाकू शहरात तिसरा आलेला पेरेझ.

म्हणजे ट्रॅकवर सगळं झकास होतं. घोळ होता तो तिजोरीत.

मालक दोन, दोघांच्याही मागे कोर्ट

ऑक्टोबर 2011 मध्ये सहारा ग्रुपने 10 कोटी डॉलर टाकून टीममधला 42.5 टक्के हिस्सा घेतला आणि टीम झाली सहारा फोर्स इंडिया. भारतातले दोन बडे उद्योगपती मागे उभे आहेत म्हटल्यावर पैशाची चिंता मिटली, असं वाटणं साहजिक होतं.

पण वर्षभरातच, ऑक्टोबर 2012 मध्ये, किंगफिशर एअरलाईन्सची विमानं जमिनीवर आली. सेबीच्या वादात सुब्रत रॉय 2014 मध्ये तिहारमध्ये गेले. मार्च 2016 मध्ये मल्ल्यांनी भारत सोडला आणि एप्रिलमध्ये त्यांचा पासपोर्ट रद्द झाला. म्हणजे टीमचा बॉस असूनही ते इंग्लंडबाहेरच्या रेसला जाऊ शकत नव्हते.

त्यात स्टेट बँकेच्या नेतृत्वाखाली 13 भारतीय बँका वसुलीसाठी लंडनच्या कोर्टात गेल्या आणि मल्ल्यांची जगभरातली मालमत्ता गोठवण्यात आली. हा आदेश उठवायला मे 2018 मध्ये तिथल्या हायकोर्टाने नकार दिला. त्याच महिन्याच्या शेवटी मल्ल्यांनी टीमच्या संचालकपदाचा राजीनामा दिला.

थोडक्यात, दोन्ही मालकांकडून टीमला पैसा मिळायची आशा संपली होती. इंजिन पुरवणाऱ्या मर्सिडीजचं बिल थकलं होतं. मुख्य स्पॉन्सर असलेल्या बीडब्ल्यूटी या ऑस्ट्रियन कंपनीचे पैसे अडकले होते. आणि पेरेझचं मानधनही राहिलं होतं. हा आकडा त्या वेळच्या बातम्यांमध्ये 40 लाख डॉलरच्या आसपास सांगितला गेला.

एफ वन टीमचा गाडा चालतो कशावर?

कुठल्याही टीमकडे पैसा येतो तीन वाटांनी.

पहिली वाट बक्षिसाच्या रकमेची. एफ वनचे टीव्ही हक्क, रेसच्या यजमानपदाची फी वगैरेंमधून जी कमाई होते, तिचा ठरलेला वाटा टीम्समध्ये वाटला जातो. टीमच्या चॅम्पियनशिपमध्ये नंबर जितका वरचा तितकी रक्कम मोठी. पण हा पैसा एकदम हातात पडत नाही. यंदा कमावलेल्या नंबरचे पैसे पुढच्या वर्षी हप्त्याहप्त्याने येतात.

दुसरी वाट स्पॉन्सरची आणि तिसरी मालकाच्या खिशाची.

आता खर्च बघा. पुढच्या वर्षीच्या गाडीचं डिझाईन चालू सीझनमध्येच सुरू होतं. पार्ट बनवणाऱ्यांना, इंजिनवाल्यांना, विमानाने सामान नेणाऱ्यांना पैसे आत्ता द्यायचे असतात. खर्च आधी, कमाई नंतर. ऊस लावून पुढच्या वर्षीच्या बिलाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगायची गरज नाही. मोठ्या टीमच्या मागे कार कंपनी असते, तिला मधला काळ ढकलता येतो. लहान टीम मात्र मालकाच्या खिशावर जगते. खिसा फाटला की उधारी सुरू.

मग सगळ्यात आधी ड्रायव्हरचाच पगार का थकतो?

तंगी आली की कुणाचे पैसे आधी द्यायचे, हे टीमला ठरवावं लागतं. आणि इथे एक साधा हिशोब चालतो. ज्याचे पैसे न दिल्याने गाडी उद्या सकाळीच बंद पडेल, त्याला आधी द्या.

याचं मस्त उदाहरण 2015 चं आहे. हंगेरीच्या रेसला लोटस टीमचे ट्रक पोचले, ड्रायव्हर पोचले, पण टायर पुरवणाऱ्या पिरेलीने सांगितलं, आधीचं बिल भरा, मग टायर. पहिल्या सरावाची वेळ जवळ येत होती आणि लोटसकडे टायरच नव्हते. पैशांची सोय झाली तेव्हाच टायर हातात आले. टायरवाल्याला वसुलीसाठी कोर्टात जावंच लागलं नाही.

फॅक्टरीतल्या कामगारांचा पगार थांबला तर पार्ट बनणं थांबतं. इंजिनवाल्याने हात वर केले तर विषयच संपला.

ड्रायव्हरचं तसं नसतं. पैसे मिळाले नाहीत तरी तो बहुतेक वेळा गाडीत बसतो. कारण एफ वनमध्ये सीट मोजक्याच. 2018 मध्ये 10 टीम होत्या, म्हणजे जगभरातून 20 ड्रायव्हर. एक रेस सोडली की त्या सीटवर बसायला रांग लागलेली असते, त्यातले काही तर स्वतःचे स्पॉन्सर घेऊन आलेले असतात. शिवाय पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमकडे जायचं तर आत्ता वेगात गाडी चालवून दाखवावीच लागते. म्हणजे काम बंद केलं तर नुकसान टीमचं कमी आणि त्याचंच जास्त. टीमलाही हे पक्कं ठाऊक असतं.

ड्रायव्हर एका अर्थाने टीमला बिनव्याजी कर्ज देत असतो, तेही त्याला कुणी न विचारता.

किमी रायकोनेन : पॉइंट वाढले तशी थकबाकी वाढली

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं मॅटर फिनलंडच्या किमी रायकोनेनचं. 2007 चा हा वर्ल्ड चॅम्पियन दोन वर्षं रॅली रेसिंग करून 2012 मध्ये लोटस टीममधून एफ वनमध्ये परतला. त्याच वर्षी त्याने अबू धाबीची रेस जिंकली आणि चॅम्पियनशिपमध्ये तिसरा आला. 2013 ची पहिलीच रेस, ऑस्ट्रेलियातली, त्यानेच मारली.

त्याच्या करारात एक भारी कलम असल्याच्या बातम्या होत्या. ठरलेल्या पगारावर, मिळवलेल्या प्रत्येक पॉइंटमागे 50 हजार युरो बोनस. 2013 मध्ये त्याने 183 पॉइंट मिळवले. त्या हिशोबाने नुसता बोनसच होतो जवळपास 91 लाख युरो. तो जितकी चांगली गाडी चालवत होता, तितकं टीमचं देणं वाढत होतं.

सप्टेंबर 2013 मध्ये त्याने पुढच्या वर्षी फेरारीत जात असल्याचं जाहीर केलं. लोटस का सोडताय असं विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं की कारण पैशाचं आहे, मला माझा पगार मिळालेला नाही. टीमनेही देणं असल्याचं नाकारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर इंडियन ग्रां प्री झाली. टायर संपत आलेला किमी मागून येणाऱ्या सहकारी ग्रोजाँला अडवत होता, तेव्हा टीमकडून रेडिओवर त्याला शिवी घालून बाजूला हो असं सांगण्यात आलं. त्यानेही तशाच भाषेत उत्तर दिलं. टीव्हीवर ते सगळ्या जगाने ऐकलं. वर्षभर पगार नाही आणि वरून शिव्या!

पुढची रेस अबू धाबीला. किमी तिथे उशिरा पोचला आणि या वर्षात एक युरोही मिळाला नसल्याचं पत्रकारांना सांगून, असंच चालू राहिलं तर उरलेल्या रेस चालवणार नाही असा इशारा दिला. त्या रेसमध्ये पहिल्याच लॅपला धडक होऊन तो बाहेर पडला आणि थेट ट्रॅक सोडून गेला. मग पाठीच्या ऑपरेशनचं जाहीर झालं आणि सीझनच्या शेवटच्या दोन रेस तो खेळलाच नाही.

पुढच्या वर्षी किमीच्या जागी लोटसने घेतला व्हेनेझुएलाचा पास्टर माल्डोनाडो, ज्याच्या मागे तिथल्या सरकारी तेल कंपनीची स्पॉन्सरशिप होती. म्हणजे ज्याला पैसे द्यायचे तो ड्रायव्हर गेला आणि जो पैसे आणतो तो आला.

पैसे आणणारा ड्रायव्हर तरी सुरक्षित असतो का? तर तेही नाही. हॉलंडच्या गिडो वान डर गार्डेच्या स्पॉन्सरनी 2015 च्या सीटसाठी सॉबर टीमला आगाऊ पैसे दिले होते. तरी टीमने दुसऱ्या दोघांना घेतलं. तो मेलबर्नच्या कोर्टात गेला आणि जिंकलाही, पण शेवटी गाडी न चालवता भरपाई घेऊन बाजूला झाला.

आता येऊ पेरेझकडे. त्याने बाकीच्यांपेक्षा वेगळं काय केलं?

किमीकडे दोनच पर्याय होते, गप्प बसणं किंवा निघून जाणं. पेरेझने तिसरा पर्याय वापरला. तो समजून घ्यायचा तर दोन शब्दांतला फरक कळायला हवा, आणि हे दोन्ही शब्द महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाने हजार वेळा ऐकलेले आहेत. एक अवसायन, दुसरा प्रशासक.

एखादी पतसंस्था अवसायनात निघाली असं पेपरात आलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. कारण अवसायक येतो तो दुकान बंद करायला. जे आहे ते विकायचं, मिळतील ते पैसे वाटायचे आणि कुलूप लावायचं. पण एखाद्या बँकेवर प्रशासक नेमला असं आलं, तर अजून थोडी आशा असते. संचालक मंडळ घरी जातं, कारभार तिसऱ्या माणसाच्या हातात जातो आणि चालू अवस्थेत संस्था वाचते का ते बघितलं जातं.

इंग्लंडच्या कायद्यातही साधारण असेच दोन रस्ते आहेत. ज्याचे पैसे थकलेत तो कोर्टात जाऊन कंपनी अवसायनात काढा असा अर्ज करू शकतो. किंवा कंपनीवर प्रशासक नेमा असाही अर्ज करू शकतो. प्रशासक आला की मालकाचे हात बांधले जातात आणि वसुलीवाल्यांनाही कोर्टाच्या परवानगीशिवाय कंपनीच्या दारात येता येत नाही. कंपनीला श्वास घ्यायला वेळ मिळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रशासकाचा आदेश झाला की आधी आलेला अवसायनाचा अर्ज रद्द होतो.

फोर्स इंडियाच्या बाबतीत नेमका हाच पेच होता. दुसऱ्या एका घेणेकऱ्याने टीम अवसायनात काढण्यासाठी आधीच अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर फॅक्टरीला टाळं लागलं असतं. एफ वनमध्ये तर हे आणखी वाईट, कारण रेसमध्ये उतरायचा परवाना आणि बक्षिसाच्या रकमेवरचा हक्क हे दोन्ही कंपनीशी बांधलेले असतात. कंपनीच संपली तर विकायला उरतं काय? जुन्या गाड्या, मशिनरी आणि रिकामी बिल्डिंग.

एफ वनवाल्यांना याचा ताजा अनुभव होता. ऑक्टोबर 2014 मध्ये केटरहॅम आणि मारुसिया या दोन्ही टीमवर प्रशासक आले होते. मारुसियाच्या सुमारे 200 लोकांना घरी जावं लागलं. केटरहॅमने तर चाहत्यांकडून वर्गणी गोळा करून शेवटची रेस खेळली आणि मग कायमची बंद झाली. म्हणजे प्रशासक आला की टीम वाचतेच असं नाही. पण अवसायन झालं तर वाचायचा प्रश्नच येत नाही.

फोर्स इंडियात प्रशासक आणण्यासाठी अर्ज करायला असा घेणेकरी हवा होता, ज्याची थकबाकी मोठी आहे, पण ज्याला टीम मरायला नकोय. पेरेझ त्यात अगदी फिट बसत होता. मर्सिडीज आणि बीडब्ल्यूटीने त्याला पाठिंबा दिला. टीममधल्या काही जणांनी त्याला गळ घातली.

27 जुलै 2018 ला, म्हणजे हंगेरीच्या रेसच्या शुक्रवारी, कोर्टाने फोर्स इंडियावर प्रशासक नेमला. दिवसा पेरेझ बुडापेस्टजवळच्या ट्रॅकवर गाडी चालवत होता आणि तिकडे लंडनमध्ये त्याच्याच अर्जावर निकाल होत होता. आपण हे स्वतःच्या थकलेल्या पैशांसाठी केलं नाही, टीममधल्या लोकांसाठी केलं, असं त्याने नंतर सांगितलं. हे सगळं मनावर फार जड गेल्याचंही तो म्हणाला.

त्याचं म्हणणं व्यवहारालाही धरून आहे. नुसते पैसेच हवे असते तर गप्प राहून सीझन संपवून, किमीसारखं दुसरी टीम बघणं सोपं होतं.

पुढचे 30 दिवस

आता धावपळ होती खरेदीदार शोधायची. फॉर्म्युला वनमध्ये ऑगस्टची सुट्टी असते, तिचा फायदा झाला. 7 ऑगस्टला प्रशासकाने जाहीर केलं की कॅनडाचे अब्जाधीश लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटासोबत व्यवहार ठरला आहे, सगळ्या घेणेकऱ्यांचे पैसे पूर्ण फेडले जातील आणि 405 च्या 405 नोकऱ्या राहतील.

पण एक गाठ सुटेना. मल्ल्यांचे शेअर्स विकायचे तर त्यात भारतीय बँकांचा गोठवणूक आदेश आडवा येत होता. मग शेअर्सना हात न लावता स्ट्रोल यांच्या नव्या कंपनीने टीमची मालमत्ता आणि धंदा विकत घेतला. याची किंमत ट्रॅकवर मोजावी लागली. एफ वनच्या नियमाने ही टीम नवीन धरली गेली आणि जुन्या फोर्स इंडियाने त्या वर्षी कमावलेले 59 पॉइंट गेले. ड्रायव्हरचे पॉइंट मात्र त्यांच्याकडेच राहिले. बक्षिसाची रक्कम नव्या कंपनीला मिळू द्यायला बाकीच्या टीम्सनी होकार दिला.

ऑगस्टच्या शेवटी बेल्जियमच्या रेसला तीच गुलाबी गाडी, तेच मेकॅनिक, तेच ड्रायव्हर उतरले, नव्या नावाने आणि शून्य पॉइंटवर. क्वालिफायिंगमध्ये एस्तेबान ओकॉन तिसरा आणि पेरेझ चौथा. रेसमध्ये पेरेझ पाचवा, ओकॉन सहावा. शून्यावरून सुरुवात करूनही सीझन संपेपर्यंत टीम सातवी आली.

2019 मध्ये नावातून इंडिया गेलं आणि रेसिंग पॉइंट उरलं. डिसेंबर 2020 मध्ये बहरीनला झालेल्या साखीर ग्रां प्रीमध्ये पेरेझ पहिल्याच लॅपला धडकेमुळे सगळ्यात मागे फेकला गेला आणि तिथून पुढे येत त्याने रेस जिंकली. त्याच्या करिअरमधला हा पहिला एफ वन विजय. आणि हा विजय मिळाला तेव्हा पुढच्या वर्षी त्याच्या जागी सेबास्टियन वेटेलला घ्यायचं टीमने आधीच जाहीर केलेलं होतं!

2021 पासून हीच टीम ॲस्टन मार्टिन नावाने धावते आहे. फॅक्टरी अजूनही सिल्वरस्टोनलाच.

ओकॉनचं काय झालं? त्याची सीट गेली. 2019 पासून तिथे नव्या मालकाचा मुलगा लान्स स्ट्रोल बसला. टीम वाचली की सगळ्यांचंच भलं होतं असं नाही.

मग किंगफिशरच्या लोकांचं असं का झालं नाही?

ही गोष्ट वाचताना आपल्याकडच्या माणसाच्या मनात हा प्रश्न येणारच.

2012 मध्ये किंगफिशरच्या पायलट आणि इंजिनियर लोकांनी कित्येक महिन्यांचा पगार थकल्यावर काम बंद केलं. ऑक्टोबरमध्ये विमानं थांबली. त्याच महिन्यात, 28 ऑक्टोबर 2012 ला, ग्रेटर नोएडात इंडियन ग्रां प्री झाली आणि त्यात फोर्स इंडियाच्या गाड्या धावल्या. आमच्या पगाराला पैसे नाहीत आणि रेसिंगला आहेत, हा कर्मचाऱ्यांचा राग अख्ख्या देशाने पाहिला.

कंपनी कायद्याने वेगळी, मालक एकच. तरी शेवट वेगवेगळा झाला, त्याची कारणं सरळ आहेत.

एक म्हणजे विकत घेण्यासारखं काय उरलं होतं. फोर्स इंडियावर प्रशासक आला तेव्हा गाड्या धावत होत्या, माणसं कामावर होती आणि बक्षिसाची रक्कम येणार होती. किंगफिशरची विमानं थांबली, भाड्याने घेतलेली विमानं मालक घेऊन गेले आणि परवानाही गेला. कंपनी अवसायनात काढायचा आदेश कर्नाटक हायकोर्टाने दिला तो नोव्हेंबर 2016 मध्ये, म्हणजे विमानं थांबून चार वर्षं झाल्यावर. विलेपार्ल्याचं किंगफिशर हाऊस असो की गोव्यात कांदोळीचा व्हिला, हे बँकांकडे तारण होते. कितीतरी लिलाव रिकामे गेल्यावर ते विकले गेले आणि पैसे गेले बँकांकडे.

दुसरं म्हणजे अर्ज करायला कोण उभं राहतं. पेरेझची एकट्याची थकबाकी कोट्यवधींची होती, हाताशी वकील होते आणि मागे मर्सिडीज होती. एअर होस्टेस किंवा ग्राउंड स्टाफच्या एकेका माणसाकडे यातलं काहीच नव्हतं. थकबाकी प्रत्येकाची वेगळी आणि घरभाडं दर महिन्याला द्यायचं.

तेव्हा भारतात आजचा दिवाळखोरी कायदाही नव्हता. तो आला 2016 मध्ये. या कायद्याने पगार थकलेला कर्मचारीही कंपनीविरुद्ध कंपनी लवादाकडे अर्ज करू शकतो. पण सुरुवातीला 1 लाख असलेली थकबाकीची किमान मर्यादा मार्च 2020 मध्ये 1 कोटी करण्यात आली. एकट्या माणसाचा इतका पगार थकायला तो एफ वनचा ड्रायव्हरच असावा लागेल! एक खिडकी मात्र उघडी आहे. कामगार संघटनेला सगळ्यांच्या वतीने अर्ज करता येतो, असं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये सांगितलं आहे. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आलीच, तर कामगारांची 24 महिन्यांपर्यंतची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जाते. इतर कर्मचाऱ्यांची 12 महिन्यांपर्यंतची थकबाकी त्यांच्या नंतर येते.

पण कायदा असून वेळ गेली की काय होतं, ते जेट एअरवेजने दाखवलं. एप्रिल 2019 मध्ये विमानं थांबली आणि पाच वर्षांहून जास्त काळ घोळ चालल्यावर नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी अवसायनात काढायला सांगितलं. फोर्स इंडियाचं सगळं प्रकरण मिटलं होतं एका महिन्यात.

आता ड्रायव्हरचे पगार थकतात का?

अशा बातम्या आता बऱ्याच कमी झाल्यात. 2021 पासून एफ वनमध्ये टीमच्या खर्चाला कमाल मर्यादा आली, पहिल्या वर्षी ती 14 कोटी 50 लाख डॉलर होती. बक्षिसाचं वाटपही आधीपेक्षा जरा समान झालं. त्यात एफ वनची लोकप्रियता वाढली, त्यामुळे तळाची टीम घ्यायलाही आता खरेदीदार तयार असतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. त्या खर्चाच्या मर्यादेत ड्रायव्हरचं मानधन धरलेलं नाही. म्हणजे त्याचा आकडा आजही टीम आणि ड्रायव्हर यांच्यातल्या करारावर आणि मालकाच्या खिशावरच अवलंबून आहे.

पेरेझला त्या कोर्टाच्या निकालातून पोडियम मिळाला नाही, ट्रॉफी मिळाली नाही. त्या रविवारी हंगेरीत त्याला एक पॉइंटसुद्धा मिळाला नाही. पण सोमवारी सिल्वरस्टोनच्या फॅक्टरीचं गेट नेहमीसारखं उघडलं आणि लोक कामावर गेले.